हप्त्याने की एकरकमी?

*काका, नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यातला, वय २६. घरी आल्याची शेती, मी साताऱ्यात एमआयडीसीत सीएनसी मशीनवर कामाला. दर रविवारी आम्ही चौघं मित्र माळावर डर्ट बाईक चालवतो, आतापर्यंत दुसऱ्यांच्याच. आता स्वतःची घ्यायची आहे. दोन गाड्या बघून ठेवल्यात. दोन्ही सेकंडहँड, दोन्ही मोटोक्रॉसच्या, म्हणजे कच्च्या ट्रॅकवर उड्या मारत शर्यत खेळायच्या. पुण्यात एक १२५ टू-स्ट्रोक आणि कोल्हापुरात एक २५० फोर-स्ट्रोक. किमतीत फार फरक नाही. एक मित्र म्हणतो, टू-स्ट्रोक म्हणजे सारखा पिस्टन बदलायचा, पगार त्यातच जाईल. दुसरा म्हणतो, फोर-स्ट्रोकचं इंजिन एकदा बसलं की गाडी भंगारात. मेंटेनन्सला कुठली स्वस्त पडेल? आण्णांना अजून काही सांगितलेलं नाही.*

*तुमचा एक वाचक*

लेका, तुझे दोन्ही मित्र खरं बोलतायत आणि तिथंच तुझा घोळ झालाय. पहिल्याने खर्च किती वेळा येतो ते सांगितलं. दुसऱ्याने आला की केवढा येतो ते सांगितलं. टू-स्ट्रोकचा खर्च भिशीसारखा असतो: थोडा थोडा, ठरल्या वेळी, आणि एक हप्ता चुकवला की लगेच बोंब. फोर-स्ट्रोकचा घरातल्या लग्नासारखा. बरेच दिवस कुणी विषय काढत नाही, आणि निघाला की एकदम सगळं कपाट रिकामं.

आधी एक सवय बदल. रस्त्यावरच्या गाडीचा हिशोब किलोमीटरवर असतो, या गाड्यांचा इंजिन चालल्याच्या तासांवर. हँडलला तास मोजणारं छोटं मीटर लावतात, ते नसेल तर खिशातली वही चालेल. वर्षातले ४० रविवार धर, दर रविवारी दोन तास. झाले ८० तास. तुझं सगळं गणित या ८० तासांचं आहे. मोटोक्रॉसच्या मॅन्युअलमध्ये बदलायचे जे तास दिलेले असतात ते शर्यतीतल्या पोरांसाठी असतात, त्यामुळे वाचून छाती दडपते. माळावर हौसेनं चालवणाऱ्याला त्यापेक्षा बरंच जास्त मिळतं. पण ‘जास्त’ म्हणजे ‘कायम’ नाही, हे डोक्यात ठेव.

आता टू-स्ट्रोक. याला साताऱ्याचा माणूस घाबरतो याचं मला हसू येतं. १९७५ मध्ये राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स काढली, कारखाना आपल्या साताऱ्यात. तिथून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडायची आणि ती टू-स्ट्रोकच होती. पंपावर पेट्रोल टाकलं की शेजारच्या हातपंपानं ऑईल मारून घ्यायचं, गाडी दोन्ही बाजूंना हलवायची, मग किक. बायका, मास्तर, पोस्टमन सगळ्यांना हे यायचं. कुणी त्याला मेंटेनन्स म्हणत नव्हतं.

या इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, नाहीत, त्या उघडणारा कॅम नाही, कॅम फिरवणारी टायमिंग चेन नाही. सिलिंडरला खिडक्या असतात, पिस्टन वरखाली होताना त्या उघडतात आणि मिटतात. पेट्रोल आणि हवा आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टननं फिरणारा दांडा (क्रँक) असतो त्या पेटीत येते, तिथून वर जाते. म्हणून क्रँकखाली ऑईलची टाकी ठेवता येत नाही, ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. क्रँकच्या एका फेऱ्यात एक स्फोट. फोर-स्ट्रोकला त्याच कामाला दोन फेरे लागतात. हलणारे भाग कमी, पण प्रत्येकाला काम दुप्पट. पिस्टन लवकर का जातो, याचं उत्तर एवढंच आहे.

‘टू-स्ट्रोक ऑईल पिते’ ही तक्रार तू ऐकली असशीलच. चल, मोजू. एक लिटर पेट्रोलला २० मिली ऑईल, म्हणजे पन्नासाला एक. बरेच जण इतकंच ठेवतात, पण तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर तेच प्रमाण. १२५ हाणून चालवली तर तासाला चार लिटर पेट्रोल सहज जातं. दहा तासांचं झालं ४० लिटर, त्यात ऑईल ८०० मिली. तिकडं २५० फोर-स्ट्रोकमध्ये लिटरच्या आसपास ऑईल बसतं आणि बहुतेक गाड्यांत तेवढंच इंजिन, क्लच, गिअर सगळ्यांना पुरवायचं असतं. ते आठ-दहा तासांत काळं होतं, बदलावंच लागतं, फिल्टरसकट. म्हणजे एकीनं दहा तासांत ८०० मिली जाळलं, दुसरीनं लिटरभर सांडायला लावलं. टू-स्ट्रोकचं गिअर ऑईल वेगळं, साधारण पाऊण लिटर, तेही अधूनमधून बदलायचं. सगळं धरून फरक चहापाण्याचा. पेट्रोल मात्र टू-स्ट्रोक जास्त खाते, तासाला लिटरभर तरी. तुझ्या ८० तासांत ८० लिटर, लिटर शंभराच्या वर. हा खर्च खरा आहे, याची चर्चा मात्र कुणी करत नाही.

पिस्टनवर ये. १२५ चा पिस्टन हौशी माणसाला ४० तासांच्या आसपास बदलावा, म्हणजे वर्षाला दोन. पिस्टन, रिंग, पिस्टनला रॉडशी जोडणारी गजन पिन, रॉडच्या लहान टोकाचं नीडल बेअरिंग, दोन लॉक आणि गॅस्केट. एवढ्याच वस्तू. टाकी काढ, पोटाचा फुगीर सायलेन्सर काढ, रेडिएटरचं पाणी सोड, हेडचे (सिलिंडरच्या टोपीचे) नट खोल, सिलिंडर वर उचल. पहिल्यांदा करशील तेव्हा सकाळ जाईल, तिसऱ्या वेळी दोन-तीन तास. सिलिंडरच्या धुराड्याच्या बाजूला पॉवर व्हॉल्व्ह (धुराची खिडकी लहानमोठी करणारा पडदा) असेल तर त्यावरची काजळी त्याच वेळी खरवडून घे. आणि पिस्टनवरचा बाण धुराड्याकडे.

इथं माझी एक फजिती सांगतो. आरएक्स १०० घरी खोलली होती, अंगणात, पोत्यावर बसून. गजन पिनचं लॉक म्हणजे वाकवलेल्या तारेची चिमुकली कडी. नोज प्लायरनं दाबून खाचेत बसवताना ती टण्णकन उडाली. पोत्यावर शोधली, तुळशीपाशी शोधली, पोरांना कामाला लावलं. मिळेना. मग नजर क्रँककेसच्या उघड्या तोंडाकडे गेली. त्यावर फडकं घातलं नव्हतं. चुंबक बांधलेली तार आत सोडून पाऊण तास मासेमारी केली तेव्हा कडी वर आली. सापडली नसती तर अख्खं खालचं इंजिन उघडावं लागलं असतं, दोन रुपयांच्या तारेपायी. तेव्हापासून सिलिंडर उचलला की पहिलं काम, स्वच्छ फडकं आत कोंबायचं. जुनं लॉक परत वापरायचं नाही, कितीही चांगलं दिसलं तरी.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांना कास्टचं सिलिंडर असायचं. झिजलं की बोअर मारायचा, म्हणजे भोक थोडं मोठं करायचं, आणि ओव्हरसाईज पिस्टन टाकायचा. मोटोक्रॉसच्या गाडीला ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर निकेलचा कडक लेप असतो. त्याला बोअर मारून भागत नाही. लेप सोलला की पुन्हा लेप चढवायला बाहेरगावी पाठवा, नाहीतर कास्टची स्लीव्ह बसवून घ्या. म्हणून पिस्टनच्या पैशाकडे बघून रडायचं नाही. पिस्टन वेळेवर बदलतो तो सिलिंडर वाचवायला.

खालच्या बाजूचं म्हणशील तर कनेक्टिंग रॉड, क्रँक बेअरिंग, क्रँकची सीलं. तुझ्या चालवण्यावर वर्ष-दीड वर्षानं हा मोठा हप्ता. सीलांवर लक्ष ठेव. मॅग्नेटच्या (ठिणगीची वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन सीज, म्हणजे पिस्टन अडकून जाम. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑईल ओढलं जातं, पांढरा धूर निघतो आणि ऑईल कमी होत जातं पण थेंबही बाहेर दिसत नाही.

आता कोल्हापूरवाली.

फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस २५० तेरा-चौदा हजार आरपीएमला जाते. त्या वेगाला व्हॉल्व्ह मिनिटाला सहा-सात हजार वेळा आपटतात. साध्या पोलादाचे जड पडतात म्हणून बऱ्याच गाड्यांत टायटॅनियमचे, वरून कडक थर दिलेले. तो पातळ थर आहे तोवर व्हॉल्व्ह राजा. थर झिजला की व्हॉल्व्ह तो टेकतो त्या कडेत, म्हणजे सीटमध्ये, रुतत जातो, क्लिअरन्स म्हणजे कॅमपाशी सोडलेली फट कमी होते आणि सकाळी गार इंजिन किक मारून मारून घाम काढतं. हे ऐकून कुठलाही मेकॅनिक सांगेल, ‘शिम बदलून देतो.’ शिम म्हणजे ती फट जुळवायची छोटी चकती. एकदा बदल, चालेल. महिन्याभरात तोच व्हॉल्व्ह पुन्हा टाईट झाला तर शिमचा प्रश्न संपला. व्हॉल्व्ह गेलाय. त्यापुढं शिमवर शिम टाकत चालवणं म्हणजे काय होतं ते मी एका ओळखीच्याच्या गाडीत बघितलंय. पठारावर, पूर्ण वेगात, व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर. हेड, पिस्टन, सिलिंडर, रॉड, सगळं एका क्षणात. त्याने उतरून गाडी उभी केली, चेंबर उघडलं नाही, काही नाही, नुसतं हलवून बघितलं. आत खुळखुळ्यासारखा आवाज. तुझा दुसरा मित्र ज्याला ‘बसलं’ म्हणतो ते हे.

पण हे वेळेवर हात लावला तर टळतं, आणि इथं तुझ्या पदरात एक गोष्ट आहे जी बाकीच्यांकडे नाही. तू सीएनसीवर आहेस. ०.०१ मिमी म्हणजे काय हे तुला शिकवायला नको. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घ्यायचा, पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, पात घालून बघायची, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघायची आणि तारीख घालून लिहून ठेवायची. १५-२० तासांनी एकदा. इनटेकचा, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, क्लिअरन्स तीन वेळा तोच आला तर शांत झोप. घसरत चालला तर पैसे जमवायला लाग. पिस्टन आणि टायमिंग चेन तुझ्या चालीनं वर्षातून एकदा. हेडचं काम त्यानंतर कधीतरी, पण येणार नक्की. आणि ते घरी पोत्यावर बसून होत नाही. सीट कापायला मशीन लागतं आणि ते चालवणारा जाणता हात लागतो. मुंबई-पुण्याला पाठवणं, थांबणं, फोन करणं, हे सगळं धर.

मग बेरीज? वर्षाला ८० तास, सगळं वेळेवर केलं, आणि टू-स्ट्रोकचं काम स्वतःच्या हातानं केलं, तर इंजिनाच्या सुट्या भागांत टू-स्ट्रोक स्वस्त. पेट्रोल धरलं की तो फायदा निम्मा होतो. मेकॅनिककडून करून घेतलं तर दोन्ही जवळपास सारख्या, कारण टू-स्ट्रोकला मजुरी वारंवार जाते. आणि काहीच वेळेवर केलं नाही तर फोर-स्ट्रोक तुला बुडवेल. टू-स्ट्रोक फक्त नाक कापेल.

पण तू नवी गाडी घेत नाहीयेस, आणि खरं बोलायचं तर इथं टू आणि फोरचा वाद मागे पडतो. जुनी मोटोक्रॉस घेणं म्हणजे आधीच्या मालकाची उधारी अंगावर घेणं. किती उधारी आहे ते दिसतं का, एवढंच बघायचं.

टू-स्ट्रोकची उधारी दिसते. सायलेन्सरचे दोन स्प्रिंग काढ, तो बाजूला कर, धुराड्याच्या खिडकीतून बॅटरी मार. किक हळू दाबली की पिस्टनची कड समोरून जाते. त्यावर उभ्या रेघा, राखाडी पट्टे दिसले तर सिलिंडरही त्याच अवस्थेत आहे असं धरून चाल. रिंगा चिकटल्यात का, काजळी किती, सगळं त्या खिडकीतून कळतं. मग प्लग काढून पिस्टन वर आण आणि मॅग्नेट हातानं थोडं थोडं पुढंमागं हलव. आत ‘टक्’ वाजलं तर रॉड गेला. दहा मिनिटांचं काम.

फोर-स्ट्रोकची उधारी झाकलेली असते. व्हॉल्व्ह कव्हर उघडून गेज लावायची परवानगी मालकानं दिली तर सोनं. तो देणार नाही. ‘परवाच सर्व्हिसिंग केलंय’ म्हणेल. तासांची वही आहे का विचार. व्हॉल्व्ह कधी बघितले, आकडे काय आले, कुठला शिम टाकला. हे सांगणारा मालक भेटला तर मी तुला ती फोर-स्ट्रोक घ्यायला सांगेन, टू-स्ट्रोक बाजूला ठेवून. वही नसलेली फोर-स्ट्रोक मात्र अर्ध्या किमतीतही नको, कारण उरलेली अर्धी किंमत हेडमध्ये लपलेली असते.

आता जे तू विचारलं नाहीस ते. डर्ट बाईकला मारते ती आपली धूळ. माण-खटावच्या मुरमाची भुकटी मैद्यासारखी बारीक असते, गचाळ फिल्टरमधून सरळ आत. टू-स्ट्रोकचा पिस्टन खाते, फोर-स्ट्रोकचे इनटेक व्हॉल्व्ह खाते. फोमचा फिल्टर प्रत्येक रविवारनंतर धुवायचा. पेट्रोलनं नाही, त्यानं चिकटवलेल्या शिवणी सुटतात. रॉकेल मिळालं तर त्यात, मग साबणाच्या पाण्यात, पूर्ण वाळवून फिल्टर ऑईल चोळायचं, हाताला चिकट लागेपर्यंत. दोन फिल्टर ठेव, म्हणजे ओला घालायचा मोह होणार नाही. बसायच्या जागेच्या कडेला ग्रीसची बारीक रेघ ओढ. पुढच्या वेळी काढताना ग्रीसच्या आत माती दिसली की समज, फिल्टर नीट बसला नव्हता.

पेट्रोलही पूर्वीचं राहिलेलं नाही. आता त्यात २० टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं. मिसळलेलं पेट्रोल डब्यात महिनोन् महिने ठेवू नकोस, आणि गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरचं तळाचं पेट्रोल सोडून दे. नाहीतर जेट हिरवे होतात आणि तू म्हणशील टू-स्ट्रोक त्रास देते.

दोन्ही गाड्यांना दिवे नाहीत, नंबर नाही, आरटीओत नोंद होणार नाही. म्हणजे घरापासून माळापर्यंत छोटा हत्ती. चौघांत भाडं वाटून घ्या, नाहीतर वर्षभराचं भाडं पिस्टनांच्या पुढं जाईल. आणि माळ म्हणजे कुणाच्या तरी मालकीचा माळ, विचारून. कासच्या पठाराकडे चाकं वळवू नका. जागतिक वारशातलं ठिकाण आहे ते, आणि तिथली माती दोन बोटं जाडीची. एका चाकाची खूण तिथं किती पावसाळे राहते ते बघितलंय मी.

रस्त्यानं जाऊन माळावर चालवायची असती तर तुला सरळ नंबरप्लेटवाली ट्रेल बाईक घे म्हटलं असतं, हिरोच्या एक्सपल्ससारखी. तीही फोर-स्ट्रोकच, पण सुस्त इंजिन, ऑईल हजारो किलोमीटरवर, पार्ट साताऱ्यात मिळणारे. ती आणि कोल्हापूरची २५० एका जातीच्या आहेत असं समजून कुणी खर्चाची तुलना केली तर त्याचं ऐकू नकोस. तुला मात्र उडी मारायची आहे, ते तुझ्या पत्रातून दिसतंच आहे.

तर माझं मत: पुण्याची टू-स्ट्रोक, खिडकीतून पिस्टन बघून. किमतीतून एका पिस्टन किटचे, गॅस्केटचे आणि क्रँक सीलांचे पैसे आधीच वजा कर, आणल्या आणल्या ते बदलून टाक आणि वही शून्यापासून सुरू कर. घ्यायच्या आधी त्या मॉडेलचा पिस्टन आणि रॉड किट भारतात कोण देतो, किती दिवसांत येतो, हे फोन करून विचार. पार्टला दोन महिने लागणार असतील तर सौदाच नको. नुसत्या उभ्या गाडीचा खर्च कुठल्याच हिशोबात बसत नाही.

आण्णांना घेऊन जा. त्या वयाची माणसं ‘प्रिया’वर वाढलेली असतात. ते आधी गाडीला नाव ठेवतील आणि मग तुझ्याआधी वाकून प्लग बघतील.

निघायच्या आदल्या दिवशी मालकाला सांग, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचलास की नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी सिलिंडरला हात लाव. गरम लागला तर त्याचा चहा घे, आभार मान आणि आण्णांना घेऊन परत ये.